हुमणीसाठी सूत्रकृमीची पावडर: दोन हंगाम वापरून मग लिहितोय (ता. वाळवा, जि. सांगली)

पहिलंच सांगतो, माल चांगलाय पण दुकान बघून घ्या. मालाला पाचपैकी चार, दुसऱ्या दुकानाला पूर्ण पाच, पहिल्या दुकानाला काहीच नाही.

आमचा सव्वा एकर उसाचा खोडवा आहे, जात ८६०३२, कृष्णाकाठाची जमीन. दोन वर्षांमागं सप्टेंबरात मधल्या सऱ्या पिवळ्या पडल्या, बुडका हातानं ओढला तर मुळासकट वर आला, खाली बघतोय तर मुळं खाणाऱ्या हुमणीच्या चार-पाच अळ्या इंग्रजी सी सारख्या वळून पडलेल्या. फोरेट हे कीटकनाशक तर आता विकायला बंद, बुडात औषधाचं पाणी ओतायच्या आळवण्या दोन झाल्या, पैसे गेले अन् मोठ्या अळ्या जशाच्या तशा. तेव्हा कुणीतरी ही सूत्रकृमीची पावडर सांगितली, बंगळुरूच्या एनबीएआयआर या सरकारी कृषी संशोधन संस्थेनं काढलेल्या तंत्रावर बनवतात ती, आत हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका नावाची सूत्रकृमी, म्हणजे धाग्यासारखा बारीक जिवंत कृमी, असते.

सूत्रकृमी म्हटलं की आमच्याकडं लोक दचकतात, कारण तासगावकडं द्राक्षाला अन् सगळीकडं डाळिंबाला मुळावर गाठी करणारी सूत्रकृमी सगळ्यांनी भोगलीय. वडील तर म्हणाले पैसे देऊन रोग आणतोस काय. ती वेगळी, ही वेगळी. ही मुळाला तोंड लावत नाही, हिला किडाच लागतो. अन् हिचं मूळ आपल्या उसातलंच आहे, १९९२ साली कोइमतूरच्या उसातल्या शेंडा पोखरणाऱ्या अळीवरनं हिची नवीन जात म्हणून नोंद झाली, त्यामुळं उन्हाळ्याची जमीनही ही बऱ्यापैकी सोसते.

आता पहिला हंगाम. तालुक्याच्या एका दुकानातनं घेतली, पाकिटं पत्र्याच्या शेडला उन्हात रचलेली होती, मी विचारलं तर म्हणाले औषधच आहे, काय होतंय, मुदत बाकी आहे की. टाकली, काहीच झालं नाही, एक अळी मेलेली दिसली नाही. परत गेलो तर तुम्हीच चुकीचं टाकलं असेल म्हणाले. मला फार वाईट वाटलं, पैशापेक्षा हंगाम गेला त्याचं. हे औषध नाहीच, जिवंत आहे, आत झोपलेला जीव आहे आणि उन्हात शिजला की पाकिटात नुसती माती उरते.

दुसऱ्या वर्षी आष्ट्याच्या दुकानात गेलो. त्यांनी माल आत गार खोलीत ठेवलेला, चिमूटभर पावडर पाण्यात टाकली, गाळ खाली बसू दिला अन् थोड्या वेळानं भिंग हातात दिलं. अर्ध्या मिलिमीटरचे धागे, वळवळ करणारे. सरळ सुईसारखे निपचित पडले असले तर घेऊ नका म्हणाले. सांगितलं तेही नीट सांगितलं: जुलैत अळी लहान असताना टाका, आदल्या दिवशी पाणी द्या, ऊन उतरल्यावर टाका, पंपाची बारीक जाळी काढा, मधेमधे ढवळा, नाहीतर जीव तळाला बसतो. मी थोडी पावडर ओल्या शेणखतातनं सरीला दिली, बाकीची आळवणी केली.

दहाव्या दिवशी खणलं तर अळ्या विटकरी लाल. खरी गंमत इथं आहे आणि पाकिटावर हे कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो, अळीला मारते ती सूत्रकृमी नव्हे, तिच्या पोटातला जीवाणू मारतो, फोटोऱ्हॅब्डस त्याचं नाव. सूत्रकृमी अळीच्या तोंडातनं, गुदातनं नाहीतर श्वासाच्या छिद्रातनं आत शिरते, रक्तात जीवाणू सोडते, तो वाढतो, विष करतो आणि लहान अळी दोन दिवसांत संपते, मोठी जास्त दिवस टिकते. जीवाणूला जमिनीत एकट्यानं अळीपर्यंत पोचता येत नाही, सूत्रकृमीला त्याच्याशिवाय वाढता येत नाही, दोघांचं पोट एकमेकांवर.

लाल अळी सडत नाही, वासही मारत नाही. का, तर हाच जीवाणू प्रतिजैविकं तयार करून बाकीचे जंतू हाकलतो, म्हणजे सूत्रकृमीचं ताट राखून ठेवतो. माझी पुतणी सांगलीत फार्मसी शिकते, तिनं सांगितलं की माणसांच्या औषधांसाठी जगभर याच जीवाणूंकडं बघतायत. २०१९ मध्ये यांच्यातनंच डॅरोबॅक्टिन सापडलं, जे साध्या औषधांना दाद न देणाऱ्या काही जंतूंवर प्रयोगात चालतं, अन् सोरायसिसचं टॅपिनारोफ नावाचं मलम २०२२ ला अमेरिकेत मंजूर झालं, त्याचं मूळही याच जीवाणूनं बनवलेल्या पदार्थात. आपल्या सरीतल्या मेलेल्या अळीत एवढं असतं हे ऐकून मी त्या रात्री परत बॅटरी घेऊन रानात गेलो होतो.

तिनं अजून एक करायला लावलं. लाल अळी बाटलीत घेऊन खोली गच्च अंधारी केली, पंधरा मिनिटं डोळे सरावू दिले, अन् अगदी फिका हिरवट उजेड दिसला. वडिलांना दिसला नाही, मला अन् तिला दिसला. जमिनीवर राहून उजेड देणारे जीवाणू फार थोडे, हा त्यातला एक.

एक स्टार कापला तो मोठ्या अळीसाठी. सप्टेंबरातल्या जाड अळीवर काम कमी होतं, उशीर झाला असेल तर हिच्या एकटीच्या भरवशावर राहू नका, वळवाच्या पावसानंतर बाभळी-कडुनिंबावर हुमणीचे भुंगेरे येतात ते सापळ्यानं नाहीतर हातानं गोळा कराच. आणि पाण्याचा ताण पडला तर पैसे वाया. गांडुळं मात्र जशीच्या तशी होती, हे मी मुद्दाम खणून बघितलं.

आणि लाल अळी दिसली तर ठेचू नका. पायाखाली चिरडायची सवय असते आपल्याला, पण आत हजारोंनी नवीन सूत्रकृमी तयार होत असतात, आठ-पंधरा दिवसांत बाहेर पडून पुढची अळी शोधतात. शेजारच्या आण्णांना मी तसल्या सहा अळ्या ओल्या मातीत घालून दिल्यात, त्यांनी खोडव्याच्या बुडात पुरल्यात. पुढच्या महिन्यात दोघं मिळून खणून बघणार आहोत, तोवर त्यांच्या रानात आळवणी बंद ठेवलीय.