उद्यमबागेत करून घेतलेला हब-नटाचा बॉक्स पाना: जुन्या जीपची पुढची बेअरिंगं घरी बदलणाऱ्यांसाठी

जुन्या महिंद्रा जीपची पुढची बेअरिंगं घरी बदलायची असतील तर बेअरिंग नंतर आणा, आधी हब-नटाचा, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातली (हबमधली) बेअरिंगं धरून ठेवणाऱ्या मोठ्या नटाचा पाना करून घ्या. आमच्या एमएम ५४० ची पुढची दोन्ही चाकं उघडून, नवी बेअरिंगं बसवून, त्यावर जांबोटी-कणकुंबीकडचा एक अख्खा पावसाळा गाडी चालवून झाल्यावर मी हे सांगते आहे. पाना बेळगावच्या उद्यमबागेतून, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीतून करून घेतला. एक शेड, त्यात एक लेथ, एक जुनं स्लॉटिंग मशीन आणि दाराशी कास्टिंगचा ढीग. दिवसभर फाउंड्र्यांचं आणि हायड्रॉलिकवाल्यांचं जॉबवर्क करणाऱ्या अशा शेड तिथं गल्लीगणिक आहेत, त्यामुळे अमुकच शेडमध्ये जा असं मी म्हणणार नाही. पण काय मागायचं आणि घेताना काय तपासायचं, ते नीट सांगते.

गाडी माझ्या सासऱ्यांच्या वेळची. काजूच्या बागेत जायला मधे ओढा आहे. पावसाळ्यात त्याचं पाणी हबच्या वर चढतं आणि लाल चिखल तर कुठंही शिरतो. बेअरिंगचं ग्रीस खराब होतं ते इथंच. तापलेलं हब गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि थकलेल्या ऑइल सीलच्या कडेनं पाणी आत ओढलं जातं. उघडल्यावर ग्रीस दुधाळ दिसलं तर समजायचं की पाणी गेलंय. आमच्या डाव्या चाकात अगदी तसंच होतं, आणि रोलरवर काळपट ठिपके पडलेले होते. असे ठिपके पडलेलं बेअरिंग धुऊन-पुसून परत घालण्यात अर्थ नाही. ते गुरगुरणारच.

गुरगुर मात्र बेअरिंगचीच आहे ना, हे आधी ठरवावं. चाक जॅकवर उचलायचं, वर आणि खाली हात धरून हलवायचं. खडखड लागली की दुसऱ्या कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर खडखड गेली तर बेअरिंग ढिलं आहे. तरीही राहिली तर किंगपिनचं, म्हणजे चाक वळतं त्या सांध्यातल्या खिळीचं काम आहे, त्यासाठी हब उघडून उपयोग नाही. पुतण्या ब्रेकवर बसला होता आणि मी चाक हलवत होते. तो वरून ओरडला, “काकी, आता?” खडखड पार गेली होती.

आता पान्याकडे येते. या जीपच्या पुढच्या हबमध्ये एकमेकांकडे तोंड करून दोन टेपर रोलर बेअरिंगं बसतात, आतलं आणि बाहेरचं, दोन्हीचा नंबर एकच: कोनचा, म्हणजे रोलरांसकट आतल्या कड्याचा १८५९०, आणि कपचा, म्हणजे त्यावरच्या बाहेरच्या कड्याचा १८५२०. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपच्या पुढच्या चाकात हाच नंबर होता. महिंद्रानं १९४७ मध्ये विलिस जीप इथं जोडायला घेतल्या, तेव्हापासून ही परंपरा चालत आली. मला या गोष्टीचं मनापासून कौतुक आहे. इतक्या वर्षांनंतरही बेळगावात काउंटरवर नंबर सांगितला की माणूस न विचारता मागे वळून डबा काढतो. भोक ४१.२७५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ७३.०२५.

ही बेअरिंगं स्पिंडलवर, म्हणजे हब ज्यावर फिरतं त्या पोकळ दांड्यावर, दोन पातळ नटांनी धरलेली असतात. आतला नट बेअरिंगचा ताण ठरवतो, मधे दुमडायचा लॉक वॉशर, आणि बाहेरचा नट सगळं कुलूपबंद करतो. नट षटकोनी, समोरासमोरच्या बाजूंत दोन पूर्णांक एक सोळांश इंच, म्हणजे ५२.४ मिलिमीटरच्या आसपास. अडचण इथंच सुरू होते. बाजारातला ५२ चा पाना त्यावर चढत नाही आणि ५५ चा कोपरे खातो. ट्रकसाठीच्या जाड भिंतीच्या गोट्या (सॉकेट) हबच्या तोंडातच शिरत नाहीत, कारण ते तोंड बाहेरच्या बेअरिंगपेक्षा फारसं मोठं नसतं. शिवाय नटाच्या मधून अ‍ॅक्सलचा दातेरी शेंडा बाहेर आलेला असतो, म्हणून पाना आरपार पोकळ हवा.

यावर आमच्याकडच्या बहुतेक गॅरेजांचा उपाय म्हणजे छन्नी आणि हातोडा. नटाच्या कोपऱ्यावर छन्नी ठेवायची आणि ठोकत फिरवायचं. आमच्या गाडीचे चारही नट असेच ठोकलेले निघाले. एका नटाचे तीन कोपरे पार बसलेले होते. मला याचा राग येतो तो नटाच्या दिसण्यासाठी नाही. छन्नीनं ठोकताना लोखंडाचे बारीक कण उडतात आणि ते खाली कुठं पडतात? उघड्या बेअरिंगमध्ये. आणि दुसरं म्हणजे बेअरिंग किती आवळलं गेलं हे हाताला अजिबात कळत नाही. टेपर बेअरिंगचं सगळं आयुष्य त्या आवळण्यावर असतं. घट्ट झालं तर तापून जळतं, सैल राहिलं तर रोलर आपटत राहतात.

त्या शेडमध्ये लेथ चालवणाऱ्या टर्नरमामांना मी फोनवर माप सांगायला लागले तर त्यांनी मधेच थांबवलं. “अक्का, माप नको. नट घेऊन या. शक्य असेल तर हब पण आणा.” मी दोन्ही नेलं. त्यांनी व्हर्नियर लावला, नटाच्या समोरासमोरच्या बाजूंच्या तिन्ही जोड्या मोजल्या, ठोकलेला नट बाजूला सारला आणि म्हणाले, “हा नको, नवा घ्या. याच्यावर पाना केला तर पाना पण वाकडाच होणार. हौदरी?” हौदरी म्हणजे कन्नडमध्ये ‘खरं ना?’. म्हणून नवे नट आणले आणि त्यावर काम झालं. या माणसाबद्दल माझं मत तिथंच चांगलं झालं.

माल ईएन-८ या जातीच्या पोलादाचा, जाड भिंतीच्या पाइपसारखा आतून पोखरून घेतलेला. बाहेरचा व्यास ६६ मिलिमीटर ठेवला, म्हणजे हबच्या तोंडात सहज जातो. षटकोनाचे कोपरे साधारण साडेसाठ मिलिमीटरवर येतात, त्यामुळे कोपऱ्यापाशी पावणेतीन मिलिमीटरची भिंत उरते. हाताच्या जोराला ती पुरते, पण त्यावर एअर गन लावू नये. स्लॉटिंग मशीनवर षटकोन होताना मी उभं राहून बघितलं. हत्यार वरखाली होत एक बाजू कापतं, मग टेबल साठ अंश फिरवायचं, पुन्हा कापायचं. कोपऱ्यात हत्याराला जागा मिळावी म्हणून मामांनी आधी सहा छोटी भोकं पाडून घेतली होती. शेवटी आतलं माप नटापेक्षा दोन दशांश मिलिमीटरच जास्त. नट आत सरकवला की डगडग नाही.

दोन गोष्टी मी आवर्जून मागितल्या होत्या. पहिली, पान्याचं तोंड सपाट हवं. बाजारातल्या गोट्यांच्या तोंडाला आतून उतार दिलेला असतो, नट पटकन शिरावा म्हणून. जाड नटाला ते चालतं. आमचे नट पातळ, त्यातली निम्मी पकड त्या उतारातच जाते आणि जोर दिला की पाना उडी मारतो. सपाट तोंडाचा पाना नटाची पूर्ण जाडी धरतो. दुसरी, पान्याच्या बाहेरच्या अंगावर षटकोनाच्या सहा कोपऱ्यांसमोर सहा पंच मारून हवे होते. मामांनी आधी विचारलं, कशाला? मी सांगितल्यावर त्यांनी ते इतके मन लावून मारले की सहाही ठिपके एका रेषेत आहेत.

ते ठिपके का हवेत ते बसवताना कळतं. जुन्या जीपच्या मॅन्युअलमधली पद्धत अशी: चाक फिरवत फिरवत आतला नट आवळत जायचं, चाक अडखळेपर्यंत. मग नट एक षष्ठांश फेरा मागे घ्यायचा. चाक तरीही मोकळं फिरत नसेल तर अजून थोडा. नटाला सहा बाजू आहेत, म्हणजे एका ठिपक्यापासून दुसऱ्या ठिपक्यापर्यंत गेलं की बरोबर एक षष्ठांश. हबवर खडूनं एक रेघ मारायची आणि ठिपका रेघेवरून पुढच्या ठिपक्यावर आणायचा. अंदाज नाही, डोळ्यांनी दिसतं. मग लॉक वॉशर, बाहेरचा नट घट्ट, परत एकदा चाक फिरवून आणि हलवून बघायचं, कारण बाहेरचा नट आवळताना आतला थोडा सरकू शकतो. सगळं पटलं की मगच वॉशरची कड नटावर दुमडायची. लॉक वॉशर दरवेळी नवा. एकदा दुमडून सरळ केलेली कड परत दुमडली तर तुटते.

बाकीचं काम पान्याइतकं अवघड नाही, पण घाईचंही नाही. गाडी अ‍ॅक्सलखाली स्टँडवर, मागच्या चाकांना दगड. चाक काढल्यावर ब्रेक शू आत घ्यायचे, नाहीतर ड्रम अडतो. टोपी, सर्क्लिप, फ्लँजचे सहा बोल्ट, मग नट. ड्रम ओढला की बाहेरचं बेअरिंग हातात येतं, आतलं सीलसकट मागे राहतं. हबमधले जुने कप पितळी दांड्यानं आतून आळीपाळीनं समोरासमोर ठोकून काढायचे. नवा कप बसवताना जुनाच कप वर ठेवून ठोकायचा. कप तळाशी टेकला की हातोड्याचा आवाज बदलतो, बसका होता तो एकदम टणक येतो. तो आवाज येईपर्यंत थांबू नका. आणि नव्या कोनला जुना कप कधीच लावू नका. जुन्या कपवर जुन्या रोलरांच्या खुणा असतात, नवे रोलर त्याच खड्ड्यांतून धावतात.

ग्रीस लिथियमचं, एनएलजीआय (ग्रीसच्या घट्टपणाचा नंबर) २ किंवा ३ चं. जुनं ग्रीस डिझेलनं पूर्ण धुऊन, सुकवून मगच नवं भरायचं, कारण वेगवेगळ्या जातीची ग्रीसं मिसळली तर पातळ होऊन वाहून जातात. सुकवताना कंप्रेसरच्या हवेनं बेअरिंग गरागरा फिरवू नका. तळव्यावर ग्रीस घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत राहायचं, अरुंद बाजूनं रोलरांच्या फटीतून ते वर येईपर्यंत. हे काम मला आवडतं. पोकळीत मात्र गच्च भरू नये, तापल्यावर ते सील ढकलून ब्रेकवर येतं. आमच्या जुन्या बंद नकलच्या, म्हणजे चाक वळवणारा सांधा बंद गोळ्यात असलेल्या गाड्यांत अजून एक जागा बघावी: स्पिंडलच्या आतलं बुश झिजलं असेल तर नकलमधलं ऑइल हबमध्ये येतं आणि नवं ग्रीसही धुऊन टाकतं. ग्रीस पातळ काळं निघालं तर पाण्याला दोष देण्याआधी ते बघा.

बसवून झाल्यावर मी खानापूरपर्यंत गेले आणि हबला हात लावला. कोमट होतं, हात ठेवता येत होता. हात ठेवता येत नसेल तर बेअरिंग घट्ट झालंय, तिथंच थांबून ढिलं करावं.

पान्यात खोट नाही असं नाही. हातात आला तेव्हा षटकोनाच्या आतल्या कडांना बारीक कूस, म्हणजे कापताना राहिलेले टोकदार कंगोरे होते, कानस मारावी लागली. जॉबवर्क करणाऱ्यानं निदान ती तरी काढून द्यावी. कसलाही मुलामा नाही, आमच्याकडच्या पावसात पहिल्याच आठवड्यात तांबूस झाला. आता ग्रीसच्या फडक्यात गुंडाळून ठेवते. आणि आडव्या सळईसाठी भोक आहे, अर्ध्या इंचाचा चौकोन नाही. म्हणजे टॉर्क रेंच, जोर मोजून आवळायचा पाना, लावता येत नाही. मामांचं म्हणणं होतं की पाइपच्या तोंडावर चौकोनी बूच वेल्डिंग केलं तर तिथंच तडा जाईल, आत प्रेस करून पिनलं तर टिकेल, पण वेगळे पैसे पडतील. मी तेव्हा नको म्हटलं. आता करून घेणार आहे, कारण बाहेरचा नट आवळताना दोन्ही चाकांना सारखाच जोर लागावा असं मला वाटतं.

पैसे ८५० घेतले, माल धरून. नवे नट वेगळे. गॅरेजच्या एका वेळच्या मजुरीत हा पाना बसतो आणि नटही शाबूत राहतात. शेजारच्या गावातल्या दोघांनी तो नेऊन आपल्या जीप उघडल्या. एकाची सीजे ३४० होती, तिच्यावर तो तसाच चढला. बोलेरोवाला एकजण मागायला आला होता, त्याला मी दिला नाही. नटाचं माप न बघता पाना चढवला तर छन्नी बरी अशी गत होईल. त्याला सांगितलं, तुझा नट काढून उद्यमबागेत घेऊन जा, आणि ठोकलेला असेल तर नवा घेऊन जा.