हॅमस्ट्रिंग धरलं तर: सदाशिव पेठेतलं फिजिओ केंद्र

केदार जाधवने 3 जून 2024 ला निवृत्ती जाहीर केली, तेव्हा पुण्यात जो तो गहुंज्याच्या 76 चेंडूंतल्या 120 धावांबद्दल बोलत होता. खेळणाऱ्यांनी त्याचं 2018 आठवावं. 7 एप्रिलला वानखेडेवर मांडीमागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, धरला, तो बाहेर गेला, शेवटची जोडी उरल्यावर लंगडत परतला आणि मुस्तफिजूरला षटकार, चौकार मारून चेन्नईला जिंकून दिलं. पुढची सगळी आयपीएल मात्र हुकली. सप्टेंबरात आशिया चषकाच्या फायनलला पुन्हा हॅमस्ट्रिंग, पुन्हा बाहेर जाऊन परत येणं, शेवटच्या चेंडूवर लेगबायची विजयी धाव. क्लबची पोरं त्यातलं लंगडत खेळणं तेवढं उचलतात. मधले पाच महिने कुणाच्या लक्षात नसतात, आणि खरी चिकाटी तिथेच लागते.

हे केंद्र त्या मधल्या काळासाठी उत्तम आहे. पहिल्या भेटीत मशीन लावत नाहीत. पालथं झोपवून दोन्ही पायांची ताकद मोजतात, दुखरी जागा बसायच्या हाडापासून किती सेंटिमीटरवर आहे ते लिहून ठेवतात. ‘कट्’ असा आवाज आला असेल किंवा मांडी काळीनिळी पडली असेल, तर आधी ऑर्थोपेडिककडे धाडतात. हे फार मोलाचं आहे.

सुरुवातीला ब्रिज, म्हणजे पाठीवर झोपून टाच दाबत कंबर उचलणं, 10 सेकंद धरून 5 वेळा. पाय कठड्यावर टाकून ताणायला सक्त मनाई, कारण ताज्या फाटीवर ताण दिला की ती वाढते. पुढे डंबेल घेऊन डेडलिफ्ट (पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकून उठणं) आणि मग नॉर्डिक: गुडघ्याखाली गादी, घोटे कुणीतरी घट्ट धरलेले, अंग सरळ ठेवून सावकाश पुढे झुकायचं. आठवड्यातून दोनदा, 5 चे 2 सेट. सगळे चुकतात ते कमरेत. कंबर मोडली की भार हॅमस्ट्रिंगवरून निघून जातो, म्हणून इथे ती खेप मोजतच नाहीत.

दुखणं साधारण दोन-तीन आठवड्यांत थांबतं आणि नेमकं तेव्हाच पोरं मॅच खेळून पुन्हा फाडून घेतात. पायाची ताकद भरलेली नसते. दुसऱ्या पायाच्या तुलनेत 10 टक्क्यांहून जास्त फरक असेल तर इथे पूर्ण वेगाने धावूच देत नाहीत. त्यानंतर पॅड बांधून, बॅट टेकवून दुसऱ्या धावेसाठी वळायची परीक्षा. सरळ धावताना निभावलं तरी झटका तिथे बसू शकतो.

उणी बाजू: आत धावायला जागा नाही, ते मैदानावर आपलं आपण करावं लागतं. संध्याकाळी 6 नंतरची वेळ मिळत नाही. 12 भेटींचं पॅकेज आधीच गळ्यात मारतात. फाट किरकोळ असेल तर भेटीगणिक पैसे द्यायला तयार आहात असं स्पष्ट सांगा, ऐकतात. चौथ्या आठवड्यापासून स्पाइक्स आणि पॅड सोबत न्या.