हातात तबकडी आहे, आता कुठलं संकेतस्थळ उघडू?

लाखेच्या जुन्या तबकडीवर गायकाचं नाव असतं, कंपनीचं नाव असतं, क्रमांक असतो. साल बहुधा नसतं. आणि कधी असलंच, तर ते फसवं असतं. अमेरिकी लेबलांवर बारीक अक्षरांत छापलेल्या तारखा पेटंटच्या असतात, ध्वनिमुद्रणाच्या नव्हेत. नव्या संग्राहकाची पहिली चूक बहुतेक वेळा इथेच होते. माझीही झाली होती. लेबलावर पेटंटची तारीख वाचून मी एक तबकडी ‘अतिप्राचीन’ म्हणून मिरवत होतो. ती निघाली बरीच नंतरची.

त्यामुळे ‘सगळ्यात चांगलं संकेतस्थळ कोणतं’ असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, तुम्हाला नेमकं काय हवंय? तबकडी कधीची हे, ती कशी वाजते हे, तिला काय भाव येईल हे, की घरातलं यंत्र अस्सल आहे का हे? या चारही प्रश्नांची उत्तरं एकाच ठिकाणी मिळत नाहीत. भाव सांगणाऱ्या ठिकाणी जाऊन साल विचारायचं, यातूनच बहुतेक घोळ होतात.

साल आणि ओळख: डीएएचआर की डिस्कॉग्ज?

खरी लढत या दोघांत आहे, म्हणून इथे जरा थांबू.

‘डिस्कोग्राफी ऑफ अमेरिकन हिस्टॉरिकल रेकॉर्डिंग्ज’, म्हणजे डीएएचआर, हा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा ग्रंथालयाचा प्रकल्प. त्याचं मूळ व्हिक्टर कंपनीच्या मुद्रणांच्या सूचीत आहे. पुढे कोलंबिया, ओके, ब्रन्सविक, एडिसन, बर्लिनर अशा कंपन्यांच्या नोंदी त्यात येत गेल्या. माहिती मुख्यतः कंपन्यांच्या जुन्या वह्यांवरून घेतलेली. तबकडीवरचा क्रमांक टाकला की गायक, वादक, जागा आणि तारीख समोर येते. तारीख म्हणजे नुसतं साल नव्हे, दिवस-महिन्यासकट. शिवाय एकाच गाण्याचे किती ‘टेक’ घेतले, त्यातला कुठला मंजूर झाला, कुठला राखून ठेवला आणि कुठला मोडीत काढला, तेही व्हिक्टरच्या नोंदींत सापडतं. माझ्यासारख्या माणसाची अख्खी संध्याकाळ यात जाते.

डिस्कॉग्ज हे तबकड्यांच्या नोंदी आणि विक्रीचं संकेतस्थळ २००० साली सुरू झालं, तेही इलेक्ट्रॉनिक संगीतासाठी. हा इतिहास लक्षात ठेवा, कारण त्याचा साचा अजून तसाच आहे. त्याचं एकक ‘रिलीज’, म्हणजे बाजारात आलेली आवृत्ती. नोंदी वापरणारे लोकच भरतात. एलपीसाठी ही पद्धत उत्तम चालते, कारण एलपीवर बहुतेक माहिती छापलेली असते. अठ्ठ्याहत्तरच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांना मात्र ती नीट बसत नाही.

का बसत नाही, ते एका उदाहरणाने सांगतो. एन्रिको कारूझो या इटालियन गायकाने ‘वेस्ती ला जूब्बा’ हे ऑपेरातलं गाणं तीनदा ध्वनिमुद्रित केलं. पहिल्यांदा १९०२ मध्ये मिलानला, मग १९०४ मध्ये व्हिक्टरसाठी, दोन्ही वेळा पियानोच्या साथीने. तिसऱ्यांदा १९०७ मध्ये, ऑर्केस्ट्रासह. हे तिसरं मुद्रण व्हिक्टरच्या ८८०६१ या क्रमांकाने निघालं आणि वर्षानुवर्षं खपत राहिलं. कारूझो १९२१ मध्ये गेला. तरी १९३२ मध्ये कंपनीने त्याच्या जुन्या आवाजामागे नवा ऑर्केस्ट्रा चढवून पुन्हा तबकड्या काढल्या. आता तुमच्या हातातली तबकडी ‘कोणत्या सालची’? मुद्रण एका सालचं, ठसा (म्हणजे दाबून काढलेली प्रत) दुसऱ्याच सालचा. डिस्कॉग्जवर या दोन गोष्टींची सहज सरमिसळ होते. नोंद भरणाऱ्याने मुद्रणाचं साल टाकलं की प्रकाशनाचं, हे दरवेळी कळेलच असं नाही.

डीएएचआर मुद्रणाची तारीख चोख सांगतं, पण तुमची प्रत कधी दाबली गेली हे त्यालाही सांगता येत नाही. त्यासाठी तबकडीच पाहावी लागते. मागची बाजू कोरी आहे का? व्हिक्टरच्या लाल लेबलाच्या तबकड्या १९२३ पर्यंत एकाच बाजूने निघत. लेबलाची रचना कोणत्या काळातली आहे? आणि लेबलाची चित्रं पाहायला, खरं सांगायचं तर, डिस्कॉग्जच बरं. लोकांनी इतके फोटो चढवले आहेत की आपल्या लेबलाशी जुळणारं एखादं सापडतंच.

माझा क्रम असा: अमेरिकी तबकडी असेल तर आधी डीएएचआर, मग चित्रांसाठी डिस्कॉग्ज. ग्रामोफोन कंपनीच्या, म्हणजे ‘हिज मास्टर्स व्हॉइस’वाल्या ब्रिटिश कंपनीच्या तबकड्यांसाठी ॲलन केली यांनी आयुष्यभर जमवलेल्या मुद्रणसूच्यांवर आधारलेला विदासंच आहे. रूक्ष आहे, वापरायला किचकट आहे, पण त्या कंपनीपुरता त्याला तोड नाही. त्या तबकड्यांच्या लेबलाखाली कोरलेल्या क्रमांकाला जोडून एखादं अक्षर दिसलं तर तेही टिपून घ्या. मुद्रण कोणत्या तज्ज्ञाने केलं, हे त्यावरून कळतं.

एक गोष्ट दोन्हीकडे लागू. क्रमांक वाचताना दिवा तिरपा धरा. लाखेत उमटलेला आकडा समोरच्या उजेडात दिसत नाही, बाजूच्या उजेडात चटकन उमटतो.

आवाज ऐकायचा असेल तर

इथे निवड सोपी आहे, फार वेळ घालवायला नको.

एडिसनचे सिलिंडर, म्हणजे ध्वनी कोरलेल्या नळ्या, ऐकायचे तर सांता बार्बराचाच सिलिंडर संग्रह. तो २००५ मध्ये सुरू झाला. आज तिथे दहा हजारांहून जास्त सिलिंडर फुकट ऐकता आणि उतरवून घेता येतात. सिलिंडर वाजवायला त्यांनी आर्किओफोन नावाचं आधुनिक यंत्र वापरलं, त्यामुळे मेणाला जुन्या सुईचा मार बसला नाही. सिलिंडर घ्यायचे की तबकड्या, अशा विचारात असाल तर खरेदीआधी इथे आठवडाभर कान द्या. दोन मिनिटांचा मेणाचा सिलिंडर आणि १९१२ नंतरचा सेल्युलॉइडचा ‘ब्ल्यू अँबेरॉल’ यांच्या आवाजातला फरक वाचून कळत नाही.

तबकड्यांसाठी दोन पर्याय. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं ‘नॅशनल ज्यूकबॉक्स’ २०११ मध्ये उघडलं. त्यात मुख्यतः व्हिक्टरची १९२५ पर्यंतची मुद्रणं आहेत. निवडक, नीटनेटकं, माहिती विश्वासार्ह. इंटरनेट आर्काइव्हचा ‘ग्रेट ७८ प्रोजेक्ट’ याच्या उलट. तो अफाट आणि पसरट आहे. काय सापडेल याचा नेम नाही, आणि मौजही त्यातच. त्यातल्या बहुसंख्य तबकड्या एकाच वेळी चार वेगवेगळ्या मापांच्या सुयांनी वाजवून घेतल्या आहेत. चारही रूपं ऐकता येतात, त्यातलं अभियंत्याला पसंत पडलेलं कोणतं तेही लिहिलेलं असतं. स्वतः जुन्या तबकड्या इलेक्ट्रिक टर्नटेबलवर वाजवणार असाल तर सुईचं माप बदललं की खरखर किती बदलते, हे समजण्यासाठी याहून चांगली शाळा नाही. या प्रकल्पावर २०२३ मध्ये मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी खटला भरला होता. त्यामुळे काल दिसलेलं आज दिसेलच, असं धरून चालू नका. अमेरिकेत १९२३ च्या आधीची सगळी मुद्रणं १ जानेवारी २०२२ पासून हक्कमुक्त झाली आहेत, त्यापुढची वर्षं एकेक करून मोकळी होताहेत. तेवढ्या भागाची काळजी नाही.

गतीकडे मात्र लक्ष हवं. ‘अठ्ठ्याहत्तर’ हे नाव पक्कं होण्याआधी कंपन्या आपापल्या गतीने मुद्रण करत. एडिसनची डायमंड डिस्क ८० फेऱ्यांची. ७२ फेऱ्यांनी मुद्रित केलेली तबकडी ७८ ने फिरवली तर काळी एकचा गायक पांढरी दोनच्याही वर जातो, आणि आपण म्हणतो, ‘काय चढा आवाज होता हो तेव्हा!’ घाऊक प्रमाणावर उतरवलेल्या ध्वनीवरून गायकाची पट्टी ठरवण्याआधी एकदा स्वर लावून बघा.

भाव: कुणाचं ऐकावं?

कुणाचंच पूर्ण नाही. विक्रेता मागतो तो भाव नव्हे, गिऱ्हाईक देतं तो भाव. डिस्कॉग्जवर पूर्वीच्या विक्रीतले किमान, मधले आणि कमाल आकडे दिसतात, ते पाहा. यादीत आज लावलेली किंमत पाहू नका. पण अठ्ठ्याहत्तरच्या अनेक तबकड्यांची तिथे जेमतेम एक-दोनदा विक्री झालेली असते, आणि दोन आकड्यांचा मधला आकडा काढून काय हाती लागणार? ईबेवर ‘विकल्या गेलेल्या वस्तू’ ही चाळणी लावली तर ताजे भाव कळतात, पण थोड्याच काळापुरते. पॉपसाइकवर जुन्या लिलावांचा साठा आहे. तिथे नजरेत भरतात ते चढे भाव. ते वाचून घरातल्या प्रत्येक तबकडीत घबाड दिसू लागतं, म्हणून दुर्मीळ वस्तूपुरतंच ते उघडावं.

दर्जाची भाषाही सगळीकडे एक नाही. डिस्कॉग्जची ‘गोल्डमाइन’ पद्धत एलपीच्या जगात रुळलेली. अठ्ठ्याहत्तरचे जुने संग्राहक ‘व्हीजेएम’ पद्धत मानतात. हे ब्रिटनमधल्या ‘व्हिंटेज जॅझ मार्ट’ या नियतकालिकाचं नाव. त्यातला ‘ई’ म्हणजे उत्तम, ‘व्ही’ म्हणजे सारखी झीज पण ऐकायला ठीक. विक्रेत्याने नुसतं ‘व्हेरी गुड’ लिहिलं असेल तर कोणत्या पद्धतीतलं, हे विचारा. आणि वाजवून पाहिलं की नुसतं डोळ्यांनी, हेही विचारा. पोलादी सुईने खरवडलेली खाच करडी दिसते, पण दरवेळी नाही. चकचकीत तबकडी मोठ्या आवाजाच्या जागी फाटल्यासारखी वाजू शकते.

यंत्र अस्सल की जुळवलेलं?

माझ्या मते पैसे सर्वात जास्त बुडतात ते इथे, आणि इथेच लोक सर्वात कमी शोधाशोध करतात. पितळी कर्णा, कोरीवकाम केलेली पेटी, वर कुत्र्याचं चित्र. अशा बनावट यंत्रांना इंग्रजी संग्राहकांत ‘क्रॅपोफोन’ हे शेलकं नाव आहे. आत एखाद्या हातातल्या पेटीवाल्या ग्रामोफोनची मोटर, बाहेर कालचं लाकूड. विक्रीच्या फोटोंशी ताडून पाहण्यात अर्थ नाही, कारण विक्रीच्या फोटोंतच बनावट यंत्रं खच्चून भरलेली असतात.

मग कशाशी ताडायचं? व्हिक्टरचं यंत्र असेल तर ‘व्हिक्टर-व्हिक्ट्रोला’ या नावाचं संकेतस्थळ पहिलं. धातूच्या पट्टीवरचा मॉडेल आणि अनुक्रमांक घेऊन जा, उत्पादनाचं साधारण साल आणि मूळ रूप कळेल. कर्णा बाहेर असलेल्या मॉडेलवर मूळचा कर्णा कसा होता, हेही तिथे पडताळता येतं. उणीव एवढीच की ते एका कंपनीपुरतं आहे.

इतर कंपन्यांसाठी मी दोन ठिकाणी जातो, आणि दोन्ही फुकट आहेत. एक, गूगल पेटंट्स. पट्टीवर छापलेली पेटंटची तारीख किंवा क्रमांक शोधला की मूळ आराखडे समोर येतात. एडिसनचं फोनोग्राफचं पेटंट १९ फेब्रुवारी १८७८ चं, क्रमांक २००५२१. बर्लिनरचं ग्रामोफोनचं ८ नोव्हेंबर १८८७ चं, क्रमांक ३७२७८६. सुरुवातीला म्हटलं तसं, पेटंटची तारीख हे यंत्राचं वय नव्हे. पण पट्टीवरच्या सर्वात अलीकडच्या तारखेआधी ते यंत्र तयार झालेलं असू शकत नाही, एवढी पक्की खालची मर्यादा तिच्यावरून मिळते. आराखड्यात साउंडबॉक्सचा (सुई धरून आवाज काढणाऱ्या डबीचा) जोड एका तऱ्हेचा आणि तुमच्या यंत्रावर दुसऱ्याच तऱ्हेचा असेल, तर प्रश्न विचारायची वेळ झाली.

दुसरं ठिकाण म्हणजे जुनी व्यापारी मासिकं आणि सूचिपत्रकं. १९०५ मध्ये सुरू झालेल्या ‘टॉकिंग मशीन वर्ल्ड’चे अंक इंटरनेट आर्काइव्हवर पानोपान वाचता येतात. त्यातल्या जाहिराती त्या वेळच्या दुकानदारांसाठी होत्या, म्हणून पेटीचे कोपरे, कर्ण्याची फुलं, चावीचं भोक कुठल्या बाजूला, सगळं स्पष्ट दिसतं. शोधायला वेळ लागतो. बनावट यंत्र घेऊन पस्तावण्यापेक्षा कमी लागतो.

व्हिडिओंबद्दल इतकंच: चालू यंत्राचा आवाज कसा असतो, मोटर खडखडते की सुतासारखी चालते, हे कळायला ते उत्तम. स्प्रिंग उघडण्याचे व्हिडिओ पाहून लगेच स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नका. गुंडाळलेली पोलादी स्प्रिंग सुटली तर हात कापते.

सभासद व्हायचं असेल तर ‘सिटी ऑफ लंडन फोनोग्राफ अँड ग्रामोफोन सोसायटी’ १९१९ पासून आहे, अमेरिकेत ‘अँटिक फोनोग्राफ सोसायटी’ आहे. तबकड्यांपुरता छंद असेल तर वर्गणीची घाई नको. यंत्रं घ्यायची ठरवली असतील, तर पहिल्या मोठ्या खरेदीआधी सभासद व्हा.

आणि सापडलेलं लगेच उतरवून ठेवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिथला ऑनलाइन ध्वनिसंग्रह एका रात्रीत दिसेनासा झाला. तेव्हापासून मी वहीत चार रकाने आखले आहेत: तबकडीवरचा क्रमांक, टेक, तारीख, आणि ही तारीख कुठे नि कधी पाहिली. चौथा रकाना सुरुवातीला रिकामा राहायचा. आता तोच आधी भरतो.