सिलियम क्लस्टर मेश: दोन क्लाउड जोडले, पण आधी आयपीचा हिशोब मांडा

सिलियम हे कुबरनेटिसचं (कंटेनरमधली ॲप्स अनेक मशीनवर चालवणारी सिस्टिम) नेटवर्किंग सांभाळतं आणि त्यातलं क्लस्टर मेश वेगवेगळे क्लस्टर, म्हणजे अशा मशीनचे गट, एकमेकांना जोडतं. सहा महिने झाले वापरतोय. आमचं अर्धं सामान एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनमध्ये, अर्धं गूगल क्लाउडच्या मुंबईत, दोन्हीकडे कुबरनेटिस आम्हीच व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीनवर) चढवलेलं, आणि इकडच्या पॉडला (ॲप चालवणाऱ्या कंटेनरच्या गटाला) तिकडच्या पॉडशी बोलायचं म्हटलं की मधे लोड बॅलन्सर, डीएनएस एंट्री, फायरवॉलचं तिकीट, सगळं आलंच. वैताग आला होता.

एक गैरसमज आधीच काढतो. क्लस्टर मेश दोन क्लाउडमधला रस्ता बांधून देत नाही. व्हीपीएन किंवा इंटरकनेक्ट तुम्हीच टाकायचं, इकडच्या नोडवरून (क्लस्टरमधल्या मशीनवरून) तिकडचा नोड गाठता आला की पुढचं तो बघतो.

आता आमचा शहाणपणा ऐका. सिलियमची पॉडसाठीची डिफॉल्ट आयपी रेंज १०.०.०.०/८ आहे आणि आम्ही दोन्ही क्लस्टरला तीच ठेवलेली, डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय की पॉडच्या रेंज एकमेकींवर चढता कामा नयेत, पण वाचतंय कोण! शनिवार-रविवार घालवून एक क्लस्टर पुन्हा उभा केला. क्लस्टर आयडी (मेशमधला प्रत्येक क्लस्टरचा नंबर) सुद्धा आधीच वेगवेगळे द्या, चालू क्लस्टरवर बदलायला गेलात तर सगळे पॉड रिस्टार्ट करावे लागतात.

मग एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची जास्तीत जास्त साइज. हेल्थ चेक हिरवा, छोट्या रिक्वेस्ट पळतायत, मोठा रिस्पॉन्स आला की कनेक्शन लटकतंय. दीड दिवस ॲप टीमला शिव्या घातल्या (सॉरी लोकहो). व्हीएक्सलॅन (पॉडचं पॅकेट दुसऱ्या पॅकेटमध्ये गुंडाळून पाठवणारं टनेल) प्रत्येक पॅकेटवर स्वतःचे ५० बाइट चढवतं आणि आमच्या व्हीपीएनमधून तेवढं मोठं पॅकेट जातच नव्हतं. एमटीयू हाताने १३०० केला आणि पाच मिनिटांत सगळं मोकळं.

पण एकदा बसलं ना, की मजा आहे राव. दोन्ही क्लस्टरमध्ये एकाच नावाची सर्व्हिस (अनेक पॉडसाठी एकच पत्ता), एकाच नेमस्पेसमध्ये (क्लस्टरमधल्या कप्प्यात), तिच्यावर ग्लोबलचं एक ॲनोटेशन (सेटिंगची खूण), बास. ॲफिनिटी (ट्रॅफिक आधी कुठे पाठवायचा ते) लोकल ठेवली की ट्रॅफिक घरातच राहतो, घरचे पॉड मेले तरच पलीकडे जातो. मी मुद्दाम इकडचे रेप्लिका (पॉडच्या प्रती) शून्यावर आणले, बाजूला कर्लचा लूप (सतत रिक्वेस्ट पाठवणारी कमांड) चालू, एक-दोन रिक्वेस्ट अडखळल्या आणि मग उत्तरं गूगलकडून यायला लागली. मॅनेजरला दाखवायला हा डेमो एक नंबर.

हबल, म्हणजे सिलियमचं ट्रॅफिक बघायचं टूल, तर वेगळंच प्रकरण. कुठलं पॅकेट कुठल्या पॉडवरून कुठे जाताना पडलं आणि नेटवर्क पॉलिसीमुळे (कोण कोणाशी बोलू शकतो याचे नियम) पडलं की कशामुळे, सरळ दिसतं, टीसीपीडंप (पॅकेट पकडून बघायची कमांड) उघडल्याला मला महिना होऊन गेला असेल. फक्त नेटवर्क पॉलिसी एकीकडे लावली म्हणजे दुसरीकडे आपोआप जात नाही, प्रत्येक क्लस्टरमध्ये लावावी लागते. आणि वायरगार्ड एन्क्रिप्शन डिफॉल्ट बंद असतं, आठवणीने चालू करा.

पैशांचं म्हणाल तर ओपन सोर्स आहे, फुकट. आयसोव्हेलंट ही त्यामागची कंपनी २०२४ मध्ये सिस्कोकडे गेली, पेड एडिशन त्यांच्याकडे मिळते, आम्हाला अजून गरज पडली नाही. क्लाउडमधून बाहेर जाणाऱ्या डेटाचं बिल मात्र येतंच, म्हणून ॲफिनिटी लोकल ठेवा म्हणतोय.

रेंज आधीच एकमेकींवर चढलेल्या असतील आणि क्लस्टर पाडणं शक्य नसेल तर सबमरीनर (क्लस्टर जोडणारं दुसरं टूल) बघा, त्यातलं ग्लोबलनेट नेमकं त्यासाठीच आहे. आम्ही पुढच्या महिन्यात ॲझ्युअरवरचा क्लस्टर जोडतोय, आयडी ३, पॉडची रेंज व्हाइटबोर्डवर लिहून ठेवलीय, खाली मोठ्या अक्षरात 'पुसू नये'.