खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी केमिकल पॅड घ्यावं की सुटा कार्बन? सोलापुरातून ठरवताना

खाऱ्या पाण्याची टाकी मांडली की काही महिन्यांत हा प्रश्न येतोच. पाणी पिवळसर दिसायला लागलंय, काचेवर शेवाळ चढतंय, आता केमिकल पॅड, म्हणजे पाण्यात विरघळलेली घाण धरणारी फिल्टरची चटई, मागवायचं की कार्बनची पिशवी? सोलापुरातल्या दुकानांत बहुतेक माल गोड्या पाण्याचा असतो. खाऱ्याचं सामान पुण्या-मुंबईहून मागवावं लागतं. चुकीचं पाकीट आलं तर परत पाठवण्यात दिवस जातात आणि तोवर टाकीतले जीव तेच पाणी सोसत असतात. म्हणून पैसे भरण्याआधी नीट तुलना करावी. मी इथे १०० ते २०० लिटरची टाकी धरली आहे: क्लाउनफिशची जोडी, लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेला समुद्री खडक), दोन-चार सॉफ्ट कोरल (मऊ प्रवाळ), एखादी कोळंबी, आणि मागे काचेला टांगलेला हँग-ऑन फिल्टर किंवा खाली छोटा सम्प, म्हणजे फिल्टरची वेगळी टाकी.

अमोनिया पॅडचा विषय आधी संपवतो, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात. या पॅडमध्ये झिओलाइट नावाचं खनिज असतं. ते पाण्यातलं अमोनियम धरतं आणि त्या बदल्यात सोडियम सोडतं. गोड्या पाण्यात हे काम उत्तम होतं. पण समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १०,८०० मिलिग्रॅम सोडियम असतं. आजारी टाकीतसुद्धा अमोनिया असतो तो एखाद-दोन मिलिग्रॅम. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत एसटी डेपोतूनच भरून यावी आणि पुढच्या थांब्यावरच्या माणसाला पाय ठेवायलाही जागा मिळू नये, तशी इथे अमोनियाची गत होते. सगळ्या जागा सोडियमने आधीच अडवलेल्या असतात. आणखी एक धोका आहे. गोड्या टाकीत वापरून भरलेलं झिओलाइट पुन्हा कामाला आणण्यासाठी मिठाच्या पाण्यातच भिजवतात. म्हणजे गोड्या टाकीतलं जुनं पॅड उचलून खाऱ्या टाकीत ठेवलंत, तर त्यात साठलेला अमोनिया पाण्यात उतरेल. खाऱ्या टाकीचा पीएच ८.१ ते ८.४ च्या घरात असतो. पीएच आणि तापमान जितकं चढं, तितका अमोनिया जास्त विषारी. सोलापूरच्या मे महिन्यात हा हिशेब फारच महाग पडतो.

गोड्या पाण्यासाठी विकल्या जाणाऱ्या नायट्रेट पॅडचंही जवळपास हेच. तिथे क्लोराइड आडवं येतं, लिटरमागे सुमारे १९,००० मिलिग्रॅम. पाकिटावर खाऱ्या पाण्यासाठी असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. नायट्रेट कमी करायचं तर पाणी बदलणं, स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) आणि सम्पमध्ये वाढवलेलं कीटोमॉर्फासारखं शेवाळ हेच खरे मार्ग आहेत.

आता कार्बन. कार्बन पॅड म्हणजे लोकरीसारख्या जाळीत कोळशाची पूड बसवलेली काळी चटई. फिल्टरच्या मापाने कात्रीने कापायची, टाकायची, झालं. सोय मोठी आहे, पण त्यात प्रत्यक्ष कार्बन फार थोडा असतो. तेवढ्याच जागेत बारीक जाळीच्या पिशवीत सुटा दाणेदार कार्बन भरला तर त्याच्या कितीतरी पट माल बसतो. पिवळेपणा, वास, औषधाचे अंश आणि कोरल एकमेकांवर सोडतात ती विषारी द्रव्यं कार्बन शोषतो. अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट मात्र शोषत नाही. कार्बन पॅडच्या वेष्टनावर ‘संपूर्ण शुद्धीकरण’ असं काही छापलेलं असेल तर तो फक्त जाहिरातीचा मजकूर समजा.

माझा कौल सुट्या कार्बनला आहे, आणि तो ठाम आहे. १०० लिटरला ५० ग्रॅमपासून सुरुवात करा आणि तीन-चार आठवड्यांनी बदला. वापरण्याआधी पिशवी आरओच्या पाण्यात काळं पाणी निघायचं थांबेपर्यंत खळबळून घ्या. ती बारीक भुकटी कोरलवर बसलेली चांगली नाही. बरेच दिवस पिवळ्या राहिलेल्या टाकीत एकदम भरपूर कार्बन टाकू नका. पाणी अचानक निवळलं की प्रकाश जोरात आत शिरतो आणि कोरल पांढरे पडू शकतात. आधी निम्मा टाका, आठवड्याने बाकीचा.

कार्बन संपला की नाही हे कळायला किट लागत नाही. दोन पांढऱ्या वाडग्यांपैकी एकात टाकीतलं आणि दुसऱ्यात नुकतंच कालवलेलं मिठाचं पाणी घ्या आणि खिडकीपाशी शेजारी-शेजारी ठेवा. काचेतून स्वच्छ भासणारं टाकीचं पाणी वाडग्यात फिक्या चहासारखं दिसलं, तर पिशवी बदलायची वेळ झाली.

मग पॅड कधी घ्यावं? हँग-ऑन फिल्टर इतका अरुंद असेल की पिशवी नीट बसत नाही आणि पाणी तिच्या बाजूने निघून जातं, तर पॅड बरं. बाजूने पाणी जाणाऱ्या चांगल्या कार्बनपेक्षा, सगळं पाणी ज्यातून जातं ते साधं पॅड जास्त काम करतं.

दुसरा सामना पॉलिमर पॅड आणि रेझिनच्या, म्हणजे विरघळलेली घाण धरणाऱ्या कृत्रिम, दाण्यांचा. पॉली-फिल्टर हे या जातीतलं जुनं, नावाजलेलं पॅड. नवं असताना पांढरं असतं. सेंद्रिय घाण धरली की तपकिरी होत जातं, लोहाने नारिंगी-लालसर आणि तांब्याने निळं. रेझिनमध्ये सीकेम कंपनीचं प्युरिजेन जास्त चालतं. हे वाळूसारखे बारीक गोल दाणे फक्त सेंद्रिय घाण धरतात, पण ते काम फार सुंदर करतात. पाणी इतकं नितळ होतं की मासे हवेत तरंगल्यासारखे दिसतात. कंपनीच्या हिशेबाने २५० मिलिलिटर माल १,००० लिटरला पुरतो. दाणे काळपट झाले की बिनवासाचं ब्लीच आणि पाणी समप्रमाणात घेऊन २४ तास भिजवायचे, मग भरपूर धुऊन क्लोरीन मारणाऱ्या द्रावणात ठेवायचे. क्लोरीनचा पुसटसा वास असेपर्यंत टाकीत परत टाकायचे नाहीत. पॅड असं धुऊन परत वापरता येत नाही. काळं झालं की फेकायचं.

खर्चाच्या बाजूने पाहिलं तर दोन-तीनदा धुऊन वापरल्यावर रेझिन स्वस्त पडतं. तरीही पॉलिमर पॅडचा एक तुकडा प्रत्येक सोलापूरकराने घरात ठेवावा असं मी म्हणेन, आणि त्याचं कारण तांबं.

नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे आपल्याकडे साठवण ही सवयच आहे. अनेक घरांत पिण्याचं पाणी अजून तांब्याच्या हंड्यात भरतात. बाजारातल्या काही घरगुती आरओ मशीनमध्ये तर मुद्दाम तांब्याचं कार्ट्रिज बसवलेलं असतं, आरोग्यासाठी म्हणून. आपल्याला ते पाणी चालतं. कोळंबी, गोगलगाय, कोरल यांना तांब्याचा अगदी लहान अंशही मारक ठरतो. माशांना पांढरे ठिपके आले की तांब्याचं औषध देतात. त्यात लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबं ठेवतात आणि एवढ्यावर मासे तग धरतात, कोळंबी नाही. शिवाय तांबं खडकात आणि वाळूत जाऊन बसतं आणि हळूहळू परत पाण्यात येत राहतं. साध्या टेस्ट किटला इतका लहान आकडा पकडता येईलच असं नाही. अशा वेळी पॅडच्या कडेला दिसणारी निळसर झाक खूप काही सांगून जाते. कोळंबी एकाएकी मरायला लागली आणि बाकी आकडे ठीक असतील, तर पॅडचा तुकडा पाण्याच्या धारेत ठेवा, एक-दोन दिवसांनी काढून उजेडात बघा. निळा दिसला तर नवा तुकडा ठेवा आणि पाणी कुठून येतंय ते शोधा.

फॉस्फेटवर लांबण लावत नाही. फॉस्फेट पॅड की लोहाचे दाणे, ज्याला हौशी मंडळी जीएफओ म्हणतात? टाकी लहान, मासे दोन-तीन, तर पॅड पुरतं. शेवाळ खरंच हाताबाहेर गेलं असेल तर जीएफओ, पण तेही सुचवलेल्या मात्रेच्या निम्म्याने सुरू करा. फॉस्फेट एकदम खाली आलं तर कोरलना झटका बसतो. ते शून्यावर नेण्याचा हट्टही धरू नका. तिथे डायनो नावाचा तपकिरी, बुडबुड्यांचा चिकट थर वाढायला वाव मिळतो. लिटरमागे ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅमच्या दरम्यान राहिलं तर उत्तम. आणि फ्रोजन खाणं देण्याआधी गाळणीत धरून धुवा. त्या पाण्यातूनही थोडाफार फॉस्फेट येतो.

या सगळ्यापेक्षा मोठा निर्णय पाण्याचा आहे. शहराला पाणी येतं ते उजनीतून, आणि उजनीत भीमेबरोबर पुणे-पिंपरीचं सांडपाणीही येतं. बोअरचं पाणी घ्यावं तर ते जड. असं पाणी थेट वापरून त्यातले क्षार, नायट्रेट, फॉस्फेट महिनोन्‌महिने पॅडने काढत बसणं म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणं. पैसे मोजकेच असतील तर महागड्या पॅडआधी आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिनचं, म्हणजे उरलेसुरले क्षार काढणाऱ्या दाण्यांचं, भांडं घ्या. घरचं आरओ असेल तर पाणी मिनरल किंवा तांब्याच्या कार्ट्रिजच्या आधी काढून घ्या, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) वाढवणारा स्क्रू बंद करा, आणि डीआयनंतर टीडीएस मीटर शून्य दाखवतो का ते पाहा. साठवायला प्लास्टिकचा झाकणाचा ड्रम ठेवा.

उन्हाळ्यात हे दुप्पट महत्त्वाचं ठरतं. पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी असते, त्यामुळे टाकीवर लावलेला साधा पंखा पाणी चांगलं थंड ठेवतो. पण पाणीही भराभर उडतं. उडतं ते फक्त पाणी, मीठ आणि घाण मागेच राहते. भर घालताना रोज नळाचं पाणी टाकलंत तर त्यातलं सगळं टाकीत साचत जातं, आणि कुठलंही पॅड त्याला पुरं पडत नाही.

मग मागवायचं काय? नवी टाकी, फक्त मासे: सुटा कार्बन आणि पांढरा फ्लॉस (कण गाळणारा कापूस), बस. सॉफ्ट कोरल असतील तर कार्बनबरोबर प्युरिजेन. कोळंबी असेल किंवा पाण्याच्या स्रोताची खात्री नसेल तर पॉलिमर पॅडचा एक बंद तुकडा जवळ असू द्या. अरुंद हँग-ऑन फिल्टरवाल्यांनी कार्बन पॅड घ्यावं, पण दोन आठवड्यांत बदलायची तयारी ठेवून.

लावताना फ्लॉस आधी, केमिकल मीडिया, म्हणजे कार्बन, रेझिन, पॅड, नंतर. उलट लावलंत तर पॅडची छिद्रं खाण्याच्या कणांनी आणि विष्ठेने बुजतात आणि महागडा माल नुसत्या गाळणीचं काम करतो. फ्लॉस दोन-तीन दिवसांनी धुवा किंवा बदला, नाहीतर त्यात अडकलेली घाण तिथेच कुजून नायट्रेट होते. औषध द्यायची वेळ आली तर ते वेगळ्या टाकीत द्या आणि त्या टाकीच्या फिल्टरमधून कार्बन, रेझिन, पॅड सगळं आधी काढा, नाहीतर औषध माशांना मिळण्याआधीच त्यात जाईल. मासे बरे झाले की त्या पाण्यातलं उरलेलं औषध उतरवायला नवा कार्बन आणि पॉलिमर पॅड लावा. ते पॅड मग मुख्य टाकीत नेऊ नका.