वणव्याचा इशारा फोनवर येतो, पण कुणाच्या?

डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाची, उपग्रहावरून टिपलेल्या वणव्याची सूचना फुकट मिळते. 'वन अग्नी' पोर्टलवर नाव, मोबाईल, ईमेल आणि आपला भाग भरून नोंदणी करायची. वनखात्यात नोकरीला असण्याची अट नाही. नासाच्या 'फर्म्स'ची सेवाही फुकटच, तिथली सूचना ईमेलवर येते. कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या बाजूला ज्यांची डोंगराला लागून जमीन आहे, त्यांनी दोन्ही घ्याव्यात. एकीवर भागत नाही.

उपग्रहाला दिसलेली आग नकाशावर ठिपका म्हणून येते. सर्वेक्षण जंगलाच्या नकाशाबाहेरचे ठिपके गाळून टाकतं, त्यामुळे मालकीच्या गवतपडीत पेटलेलं त्यात सुटू शकतं. फर्म्स शेतातलेही ठिपके दाखवतं. मात्र तिथं अख्खा जिल्हा निवडू नका. करवीर, कागल, शिरोळकडं ऊस तुटला की पाचट पेटतं. त्या ठिपक्यांनी ईमेल भरून जातो आणि चार दिवसांत माणूस बघायचंच सोडतो. आपला डोंगर आणि शेजारच्या दोन गावांची शिव, एवढाच चौकोन आखा.

सूचना वाचायची कशी, इथं बहुतेक जण चुकतात. फर्म्सची वेळ भारतीय नसते, जागतिक (यूटीसी) असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. ०८१० लिहिलं असेल तर दुपारचे १ वाजून ४० मिनिटं. अक्षांश-रेखांश जसेच्या तसे गुगल मॅपमध्ये टाका. अक्षांशाचा तिसरा दशांश आकडा एकानं चुकला तरी जागा शंभरेक मीटर सरकते. आणि ठिपका म्हणजे आगीची नेमकी जागा नव्हे. उपग्रहावरच्या 'व्हीअर्स' उपकरणाचा एक चौकोन ३७५ मीटरचा, म्हणजे साधारण ३५ एकर. 'मोडिस' या दुसऱ्या उपकरणाचा एक किलोमीटरचा, म्हणजे जवळपास २५० एकर. ठिपका त्या चौकोनाच्या मध्यावर पडतो. आपल्याकडच्या गुंठ्या-गुंठ्यांच्या वाटण्यांत ३५ एकरांत कितीतरी सातबारे मावतात, तेव्हा ठिपका आपल्या गटात पडला म्हणून घाबरू नये आणि शेजारच्या गटात पडला म्हणून निवांतही राहू नये. दिवसाचा 'लो' खात्रीचा ठिपका असेल तर आधी समोरच्या वाडीला फोन करून धूर दिसतोय का विचारा. उन्हाच्या चकाकीनंही तसा ठिपका येतो.

सेवेची मोठी उणीव वेळेची आहे. व्हीअर्सचे उपग्रह दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास जातात, मोडिसच्या वेळा वेगळ्या. त्यानंतर सूचना हातात पडायला काही तास जाऊ शकतात. दुपारी तीनला वारं सुटल्यावर चढाला लागलेलं गवत तेवढ्यात माथ्यावर पोचून विझलेलंही असतं. दाट झाडीखाली पाला जळत सरकणारी आगही वरून सुटू शकते. म्हणून ही सेवा रात्री धुमसत राहणाऱ्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटणाऱ्या वणव्यासाठी खरी कामाची.

पण सूचना वेळेत आली तरी पुढं काय होतं, ते फोन कुणाच्या खिशात आहे यावर ठरतं. सातबाऱ्यावर चार भावांची नावं, त्यातले तिघे मुंबईला. स्मार्टफोन आणि ईमेल त्यांच्याकडं. त्यांना वणवा म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो. डोंगरावरच्या धनगरवाड्यावर आग पहिली पोचते, तिथं रेंजच नाही. म्हाताऱ्या गुराख्याला आग हा धोका वाटत नाही, ते काम वाटतं: जाळल्याशिवाय गवत फुटत नाही, हे त्याच्या अंगात मुरलेलं. त्याचं म्हणणं अगदी वाऱ्यावरचंही नाही, मुळं जिवंत असल्यानं जळलेल्या पडीत हिरवं लवकर दिसतं. रोपटी मात्र दरवर्षी जळतात आणि वळवाच्या पहिल्या सरीला उघडी माती वाहून जाते. उलट आजरा-चंदगडचा काजूवाला मार्चमध्ये रात्री झोपत नाही, कारण बोंड झाडावर आणि खाली वाळला पाला, दोन्ही एकाच महिन्यात. भारे आणणाऱ्या बायकांना कुठल्या कड्याचं गवत किती वाळलंय हे सगळ्यांआधी कळतं. जमीन त्यांच्या नावावर नसते, म्हणून नोंदणी करताना त्यांचा नंबर कुणाला सुचत नाही. ही चूक सगळ्यांत महागात पडते.

आणखी एक अडचण भीतीची. राखीव जंगलात आग लावणं किंवा आपली आग तिथं जाऊ देणं हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. बांधावर पेटवलेलं हाताबाहेर गेलं की फोन करायलाच माणूस कचरतो आणि मोलाचा पहिला अर्धा तास जातो. वनखात्याचा १९२६ हा टोल फ्री नंबर पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत पाठ हवा.

तेव्हा एका वाडीमागं किमान तीन नंबर नोंदवा: गावात राहणारा तरुण, भाऱ्याला जाणारी बाई आणि काजू किंवा आंबा असलेला मालक. मुंबईकर भावाला चौथा ठेवा, सूचना आली की त्यानं गावात फोन करायचा, एवढंच त्याचं काम. धनगरवाड्याचा निरोप जिथं रेंज येते त्या टेकाडावरच्या घरी द्यायचा, ते घर आधीच ठरवून ठेवा.

सूचनेच्या भरवशावर जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, मात्र टाळू नका. जानेवारी संपायच्या आत बागेभोवती १० ते १५ फूट गवत कापून पाला ओढून घ्यायचा, उताराकडच्या अंगाला रेषा जास्त रुंद ठेवायची, कारण आग खालून वर धावते आणि ज्वाळा चढाकडं झुकतात. कापलेलं गवत रेषेतच पडू दिलं तर ती रेषा नव्हे, वात होते.