जुन्या घराचे मोजमाप: लेझर मीटर, फोन की स्कॅनर?

बेळगाव, शहापूर किंवा निपाणीच्या जुन्या गल्लीतले घर नव्याने बांधून न काढता त्याचा आराखडा बदलायचा असेल, तर पहिला निर्णय मोजमापाच्या साधनाचा असतो, कारण अशा घरातली एखादी तरी खोली काटकोनात असेलच, असे गृहीत धरता येत नाही.

हातातला लेझर मीटर दीड-दोन मिलिमीटरच्या फरकाने अंतर सांगतो. मात्र तो एका वेळी एकच अंतर सांगत असल्याने चारही भिंतींबरोबर दोन्ही कर्ण मोजावे लागतात. ते राहिले, तर नकाशात खोली चौरस दिसते आणि तिचा तिरकेपणा फरशी बसवताना कळतो. भर उन्हात चौकात त्याचा लाल ठिपका शोधावा लागतो, पण ही अडचण किरकोळ आहे.

आयफोन १२ प्रो (२०२०) पासूनच्या प्रो फोनमधील लायडारने, म्हणजे प्रकाशकिरणांनी अंतर मोजणाऱ्या संवेदकाने, काही मिनिटांत खोलीचे त्रिमितीय चित्र मिळते. त्याचा पल्ला सुमारे ५ मीटर असून सोपा, माजघर, स्वयंपाकघर असे चालत पुढे गेले की चूक साचत जाते. कल्पना मांडायला ते पुरेसे असले, तरी त्यावरून दारे-खिडक्या बनवायला टाकू नयेत.

तिपाईवर फिरत चहूबाजूंची अंतरे लेझरने टिपणाऱ्या स्कॅनरचा खरा उपयोग मातीच्या किंवा जांभ्याच्या जाड भिंतींत दिसतो. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीत मोजता येते, पण इतरत्र ती तेवढीच असेल असे नाही. स्कॅनर दारातून दोन्ही खोल्या एकाच मापात जोडत असल्याने जाडी, ओळंब्यातून सरकलेली भिंत आणि वाकलेली तुळई एकदमच उघड होते. लायका कंपनीचा पहिला बीएलके३६० स्कॅनर सेकंदाला ३,६०,००० बिंदू टिपतो आणि १० मीटरवर त्याची अचूकता ६ मिलिमीटर आहे, म्हणजे सुट्या मापात लेझर मीटरच सरस. शिवाय बिंदूंचा तो ढीग म्हणजे नकाशा नव्हे. त्यावरून रेखाटन करण्याचा खर्च कोटेशनमध्ये धरला आहे का, हे आधी विचारावे. लाकडाच्या आतली वाळवी यातले कोणतेच साधन दाखवत नाही, त्यासाठी सुतारानेच खांब ठोकून पाहावा.

माझ्या मते शेजाऱ्याशी सामाईक भिंत असेल किंवा जुना लाकडी सांगाडा ठेवायचा असेल, तर स्कॅनर भाड्याने आणावा. एक-दोन खोल्यांच्या फेरबदलाला लेझर मीटर पुरतो. कौलारू छपरासाठी ड्रोन सोयीचा वाटतो खरा, पण बेळगावजवळचा सांबऱ्याचा विमानतळ आणि शहरातली लष्करी हद्द पाहता उडवण्यापूर्वी सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोनविषयक संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा हिरव्या (मोकळ्या), पिवळ्या (नियंत्रित) की लाल (प्रतिबंधित) पट्ट्यात येते, हे तपासावे.